सुचणे आणि निवडणे : सार्वजनिक कामातील कल्पकता

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक कामात गुंतलेल्या प्रत्येकाला एक प्रसंग चांगला परिचयाचा असतो. सभा भरते. विषयपत्रिकेवरील प्रश्न वाचून दाखविला जातो. क्षणभर शांतता पसरते. मग एखादे ज्येष्ठ सदस्य किंवा वरिष्ठ अधिकारी उपाय सुचवितात, कोणीतरी अनुमोदन देतो, ठराव संमत होतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. वर्ष-दोन वर्षांनी असे आढळते की, बांधलेली टाकी कोरडी आहे, उभारलेले स्वच्छतागृह कुलूपबंद आहे किंवा खरेदी केलेले साहित्य कपाटात पडून आहे. ठराव करणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि निधीही उपलब्ध होता. उणीव एवढीच राहिली की, जी कल्पना पहिल्यांदा सुचली तीच अखेरची ठरली. तिच्याशी तुलना करण्यासाठी दुसरी कल्पना सभेपुढे आलीच नाही.

आजच्या भाषणाचा विषय या उणिवेशी निगडित आहे. कल्पना सुचणे हे एक काम आहे आणि सुचलेल्या कल्पनांतून योग्य ती निवडणे हे दुसरे. ही दोन कामे एकाच वेळी, एकाच दमात करू गेल्यास दोन्ही बिघडतात. ती वेगळी ठेवून शिस्तीने केली, तर सामान्य माणसांच्या बैठकीतूनही असामान्य उपयोगाच्या गोष्टी जन्माला येतात. याची साक्ष देणारी उदाहरणे मुंबईच्या उपनगरांतच उपलब्ध आहेत.

संकल्पन म्हणजे काय?

इंग्रजीतील ‘डिझाईन’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे बहुधा नक्षी किंवा सजावट असा घेतला जातो. वस्तुतः वापरणाऱ्याची गरज, वस्तूची घडण, तिचा खर्च आणि तिची टिकाऊ उपयुक्तता यांचा एकत्र विचार म्हणजे संकल्पन. स्वातंत्र्यानंतर या शास्त्राकडे शासनाचे लक्ष लवकर गेले. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स या संकल्पक दांपत्याने देशाचा दौरा करून १९५८ साली आपला अहवाल सादर केला. त्यात त्यांनी विशेष गौरव केला तो आपल्या घरोघरच्या लोट्याचा. एवढीशी वस्तू, पण ती किती पाणी धरते, डोक्यावर, कमरेवर की हातात नेली जाते, भरलेली असताना व रिकामी असताना तिचा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येते का, धातूची किंमत किती, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे तिच्या आकारात सामावलेली आहेत. लोटा कोणा एका माणसाने घडविला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांनी तो वापरून, बदलून, नको ते टाकून देऊन घडविला.

अहमदाबाद येथील राष्ट्रीय संकल्पन संस्था १९६१ साली स्थापन झाली. मुंबई उपनगरात पवई येथे भारतीय तंत्रविज्ञान संस्था, म्हणजेच आयआयटी, १९५८ साली सुरू झाली आणि तिच्या परिसरात १९६९ साली औद्योगिक संकल्पन केंद्राची स्थापना झाली. लोट्याला जे घडण्यास पिढ्या लागल्या, ते जाणीवपूर्वक आणि थोड्या काळात कसे घडवावे, याचे शिक्षण अशा संस्थांतून दिले जाऊ लागले.

या विचारपद्धतीचे आज साधारणतः पाच टप्पे मानले जातात. ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांना समजून घेणे, प्रश्नाची नेमकी मांडणी करणे, कल्पना काढणे, निवडलेल्या कल्पनेचा साधा नमुना तयार करणे आणि तो प्रत्यक्ष वापरून पडताळणे. ब्रिटनमधील डिझाईन कौन्सिलने २००५ साली हीच पद्धत एका आकृतीने दाखविली. शेजारी शेजारी ठेवलेले दोन चौकट-बदाम, अशी ती आकृती आहे. विचार आधी पसरू द्यावयाचा, मग आवळावयाचा. पुन्हा पसरू द्यावयाचा आणि पुन्हा आवळावयाचा, हा तिचा अर्थ.

प्रश्नाची मांडणी

कल्पना काढण्यापूर्वी प्रश्न नीट मांडला गेला पाहिजे, कारण जसा प्रश्न तशाच कल्पना सुचतात. याचे बोलके उदाहरण बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात घडले आहे.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनाच्या पश्चिमेस बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव आणि पूर्वेस मुलुंड, भांडुप ही गजबजलेली उपनगरे आहेत. या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत, विशेषतः २००४ साली, उद्यानालगतच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे, त्यांतही लहान मुले, दगावली. त्या वेळी सर्वांच्या तोंडी प्रश्न होता तो असा : बिबट्यांना दूर कसे करावे? प्रश्न असा मांडल्यावर सुचणाऱ्या कल्पनाही त्याच दिशेच्या होत्या. पिंजरे लावावेत, पकडलेले बिबटे अन्यत्र सोडावेत, कुंपण उंच करावे.

दरम्यान पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याचे काय परिणाम होतात, याचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. असे बिबटे सोडल्यानंतर माणसांवरील हल्ले वाढल्याचे त्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविण्यात आले. याच वर्षी वनविभागाने संशोधक, नागरिक आणि वृत्तपत्र प्रतिनिधी यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम हाती घेतला. आता प्रश्न बदलला होता : बिबटे शेजारी असताना माणसे सुरक्षित कशी राहतील? प्रश्न बदलताच कल्पनांचे क्षेत्र विस्तारले. वस्तीकडेला साठणाऱ्या कचऱ्यावर भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, ही साखळी ध्यानात आल्यावर कचरा उचलणे हा बिबट्यावरील उपाय ठरला. मुलांना अंधारात उघड्यावर शौचास जावे लागू नये म्हणून शौचालय आणि रस्त्यावरील दिवे हेही उपाय ठरले. बिबट्या दिसल्यावर गर्दी करू नये, याचे शिक्षण वस्त्यावस्त्यांतून देण्यात आले.

त्यानंतरच्या काळात हल्ले बरेच कमी झाले. ते पूर्णपणे थांबले नाहीत. २०१७ व २०२१ साली आरे वसाहतीत ते पुन्हा घडले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु उपाय सुचविण्यापूर्वी प्रश्न पुन्हा एकदा वाचून पाहावा, हा धडा या प्रकरणाने दिला आहे. सभेच्या टिपणीत “अमुक बांधण्याबाबत” असा विषय लिहिला असेल, तर उत्तर आधीच ठरले आहे असे समजावे. “अमुक अडचण कशी दूर करावी” असा विषय लिहिला, तरच कल्पनांना वाव राहतो.

कल्पनांचे पीक

प्रश्न ठरला की पुढचे काम म्हणजे कल्पना काढणे. ॲलेक्स ऑसबॉर्न हे अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातील गृहस्थ. त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या ग्रंथात समूहाने कल्पना काढण्याची पद्धत विशद केली. तिचे चार नियम आजही उपयोगी आहेत. पहिला नियम, कल्पना काढताना कोणाच्याही कल्पनेवर टीका करू नये. दुसरा, विचित्र वाटणारी कल्पनाही मोकळेपणाने मांडू द्यावी. तिसरा, शक्य तितक्या अधिक कल्पना जमवाव्यात. चौथा, एकाच्या कल्पनेत दुसऱ्याने भर घालावी, दोन कल्पनांची सांगड घालावी.

यांपैकी पहिला नियम पाळणे आपल्याकडे सर्वांत अवघड जाते. “हे नियमात बसत नाही”, “यासाठी तरतूद नाही”, “पूर्वी करून पाहिले आहे” ही वाक्ये आपल्या बैठकांत फार लवकर उच्चारली जातात. ती खोटी असतात असे नाही. त्यांची वेळ नंतरची असते. पेरणी चालू असतानाच मळणीची घाई केली, तर हाती काय येणार?

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. समूहाने एकत्र बसून बोलले म्हणजे कल्पना अधिक सुचतात, ही समजूत प्रयोगांच्या कसोटीस उतरलेली नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या प्रयोगात, चौघांच्या एकत्र बसलेल्या गटापेक्षा वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या संख्येने अधिक भरल्या. १९८७ साली जर्मनीतील मायकेल डील आणि वोल्फगांग स्ट्रोबे या संशोधकांनी त्याचे एक प्रमुख कारण दाखवून दिले. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि त्या थांबण्यात त्यांच्या कल्पना विरून जातात. याखेरीज इतर काय म्हणतील हा संकोचही असतोच.

आपल्या सभांत हा संकोच अधिक प्रभावी असतो. वरिष्ठांच्या समोर कनिष्ठ लिपिक बोलत नाही. मुख्याध्यापकांच्या समोर नवी शिक्षिका बोलत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या आहेत. परंतु जागा मिळाली म्हणजे बोलण्याची संधी मिळतेच असे नाही. पाणी भरणे, मुलांना शाळेत धाडणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे या कामांचा प्रत्यक्ष अनुभव ज्यांना आहे, त्यांच्याच कल्पना सभेपुढे आल्या नाहीत, तर तोटा अखेर गावाचाच होतो.

यावर उपाय साधा आहे. आधी लिहावे, मग बोलावे. सभेच्या प्रारंभी प्रत्येकास कागदाच्या कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात. दहा मिनिटे कोणीही बोलू नये. एका चिठ्ठीवर एकच कल्पना लिहावी. नाव लिहू नये. लिहिणे ज्यांना जमत नाही त्यांचे म्हणणे शिक्षकांनी शेजारी बसून उतरून घ्यावे. नंतर सर्व चिठ्ठ्या एकत्र करून मोठ्याने वाचाव्यात आणि भिंतीवर लावाव्यात. कल्पना साहेबांची की शिपायाची, हे कळण्याचे कारण राहत नाही.

जर्मनीतील बेर्न्ड रोरबाख यांनी १९६८ साली याच तत्त्वावर एक पद्धत सुचविली. सहा माणसे बसतात. प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना कागदावर लिहावयाच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवावयाचा. शेजाऱ्याने त्या वाचून, हवे तर त्यांतून प्रेरणा घेऊन, आणखी तीन लिहावयाच्या. कागद सहाही जणांच्या हातांखालून गेला की अर्ध्या तासात १०८ कल्पना जमतात. त्यांतील बऱ्याचशा सारख्या असतील, काही निरुपयोगी असतील. तरीही उरलेल्यांत पहिल्या पाच मिनिटांत कोणालाही सुचल्या नसत्या अशा काही कल्पना निश्चित आढळतात. सहज सुचणाऱ्या कल्पना आधी संपतात. विचार करावयास लावणाऱ्या कल्पना त्यानंतर येतात. म्हणून संख्येचा आग्रह धरावयाचा.

निवडीची कसोटी

कल्पनांचा ढीग जमला की दुसरे काम सुरू होते. येथे टीकेला बंदी नाही. उलट येथे कठोरपणाच हवा. मात्र तो कठोरपणा आधी ठरविलेल्या निकषांचा असावा, व्यक्तीच्या आवडीनिवडीचा नसावा.

या बाबतीत रुपयाच्या चिन्हाची हकीकत उद्‌बोधक आहे. डॉलर, पौंड, येन, युरो या चलनांना स्वतःची चिन्हे होती. रुपया मात्र अक्षरांच्या संक्षेपानेच लिहिला जात असे आणि रुपये हे नाव असलेली चलने शेजारच्या देशांतही असल्याने गोंधळास वाव होता. केंद्र शासनाने ५ मार्च २००९ रोजी देशभरातील नागरिकांसाठी खुली स्पर्धा जाहीर केली. चिन्ह भारतीय संस्कृतीचे द्योतक असावे आणि ते संगणकाच्या प्रचलित कळफलकावर वापरता यावे, अशा अपेक्षा आरंभीच सांगण्यात आल्या. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. कलाक्षेत्रातील तज्ज्ञांचा समावेश असलेल्या समितीने त्यांतून पाच निवडल्या. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांतील एका चिन्हास मान्यता दिली. ते तयार केले होते डी. उदय कुमार यांनी. त्या वेळी ते पवईच्या औद्योगिक संकल्पन केंद्रात पीएच.डी.चे विद्यार्थी होते.

हे चिन्ह निरखून पाहावे. देवनागरी ‘र’ आणि उभा दंड नसलेला रोमन ‘आर’ यांचा त्यात मेळ आहे. वर शिरोरेषा आहे आणि तिच्याखाली तिला समांतर दुसरी रेषा आहे. या दोन रेषा व त्यांमधील मोकळी जागा यांतून तिरंग्याचा भास होतो. दोन कल्पनांची सांगड घालावी हा ऑसबॉर्न यांचा चौथा नियम येथे अनायासे पाळला गेलेला दिसतो. शिवाय चिन्ह हाताने लिहिण्यास सोपे आहे, देवनागरी वाचणाऱ्यास ते आपले वाटते आणि परदेशी माणसालाही ओळखता येते.

या हकीकतीतून निवडीसंबंधी दोन गोष्टी स्पष्ट होतात. निकष कल्पना येण्यापूर्वी जाहीर झाले होते. कल्पना आल्यावर निकष ठरवू लागलो, तर आपल्या आवडत्या कल्पनेला सोयीचे निकष नकळत ठरविले जातात. दुसरी गोष्ट ही की, निवड एकदम न होता पायऱ्यांनी झाली. तीन हजारांतून पाच आणि पाचांतून एक.

निकष दोन प्रकारचे असावेत. काही अटी अनिवार्य असतात. कल्पना कायद्यात बसते का, उपलब्ध निधीत होते का, कोणाच्या जीवितास धोका नाही ना? यांपैकी एकही अट पुरी न करणारी कल्पना बाजूस ठेवावी. उरलेल्या कल्पनांना गुण द्यावेत. किती लोकांना उपयोग होईल, किती लवकर होईल, बिघडल्यास गावातच दुरुस्ती होईल का, वर्षानुवर्षे चालविण्याचा खर्च किती? प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे, इतरांचे न पाहता गुण द्यावेत. नंतर बेरीज करावी. जेथे सदस्यांच्या गुणांत मोठा फरक पडतो तेथे थांबून चर्चा करावी, कारण तेथे कोणाला तरी इतरांना माहीत नसलेली गोष्ट माहीत असते. बेरीज हे निर्णयाचे साधन आहे. निर्णयाची जबाबदारी मात्र सभेचीच राहते.

नाकारलेल्या कल्पना आणि त्या नाकारण्याची कारणे इतिवृत्तात नोंदवावीत. परिस्थिती पालटते, निधी वाढतो, नवे तंत्र येते. मग पुढच्या सदस्यांना पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही.

छोटा प्रयोग, मग मोठा खर्च

निवड झाली म्हणजे काम संपले असे नाही. निवडलेली कल्पना प्रत्यक्षात कशी वागते हे लहान प्रमाणावर पाहावे लागते. याचे उदाहरण उपस्थितांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या हातांनी हाताळले आहे. ते म्हणजे निवडणुकीतील मतदान यंत्र.

मतदान यंत्राची कल्पना १९७७ साली पुढे आली. हैदराबाद येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आणि बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपन्यांनी त्याची तांत्रिक बाजू सांभाळली. सर्व देशात ते एकदम वापरण्यात आले नाही. मे १९८२ मध्ये केरळातील परूर विधानसभा मतदारसंघात केवळ ५० मतदान केंद्रांवर ते वापरून पाहण्यात आले. त्यातून एक महत्त्वाची उणीव बाहेर आली आणि ती यंत्राची नव्हती. अशा यंत्राने मतदान घेण्याची तरतूद कायद्यातच नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली स्पष्ट केले. डिसेंबर १९८८ मध्ये कायद्यात सुधारणा झाली. अनिवार्य अटींत कायद्याला पहिले स्थान का द्यावे, हे यावरून ध्यानात येईल.

यंत्राचे बाह्य रूप व वापरण्याची रीत यांच्या संकल्पनात पवईच्या केंद्रातील प्राध्यापक ए. जी. राव व रवी पूवय्या यांचा वाटा आहे. यंत्राच्या रचनेत गरजांची उत्तरे कशी सामावली आहेत ते पाहण्यासारखे आहे. अनेक गावांत विजेचा भरवसा नव्हता, म्हणून यंत्र बॅटरीवर चालते. मतदार निरक्षर असू शकतो, म्हणून बॅलट युनिटवर उमेदवारांची नावे व चिन्हे एकाखाली एक, कागदी मतपत्रिकेसारखीच दिसतात आणि प्रत्येकासमोर एक निळे बटण असते. मत नोंदले गेल्याची खूण मतदाराला लाल दिव्याने पटते. तर केंद्राध्यक्ष व मतदान प्रतिनिधी यांना ती लांब वाजणाऱ्या आवाजाने कळते. मत गुप्त राहते, पण मत दिल्याची घटना सर्वांस कळते. कंट्रोल युनिटवरील बटण अधिकाऱ्याने दाबल्याशिवाय पुढचे मत देता येत नाही, त्यामुळे एकाने अनेक मते देण्यास आळा बसतो.

नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरण्यात आली आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर पोहोचली. परूरच्या ५० केंद्रांपासून सर्व देशापर्यंत जाण्यास २२ वर्षे लागली. पुढेही बदल थांबले नाहीत. आपले मत नेमके कोठे गेले हे मतदाराला डोळ्यांनी पाहता यावे, ही मागणी पुढे आली. तेव्हा चिठ्ठी सात सेकंद दाखविणारे व्हीव्हीपॅट यंत्र २०१३ साली नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत प्रथम वापरण्यात आले. निवडलेली कल्पनाही वापरणाऱ्यांच्या शंका ऐकत पुढे जात असते.

एका शाळेचे उदाहरण

हे सर्व मोठ्या संस्थांना शक्य आहे, आपल्या लहान गावाला कसे जमणार, असा प्रश्न येथे साहजिकच निर्माण होईल. म्हणून एक काल्पनिक पण नित्याचे उदाहरण घेऊ.

समजा, एका शाळेत २४० विद्यार्थी आहेत, चार नळ आहेत आणि मधली सुटी २० मिनिटांची आहे. मुलांना पाणी मिळत नाही अशी पालकांची तक्रार आहे. सभेपुढे नेहमीप्रमाणे “आणखी चार नळ बसविण्याबाबत” असा विषय येतो. शिक्षकांनी आधी एक दिवस उभे राहून पाहावे. एका नळामागे ६० मुले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास २० सेकंद. मोठी मुले पुढे घुसतात, पहिलीतील मुले मागे राहतात. मुली डबा धुण्यासाठी थांबतात, त्यामुळे रांग अडते. आता प्रश्न असा लिहावा : मधल्या सुटीत सर्वांत लहान मुलालाही पोटभर पाणी कसे मिळेल?

चिठ्ठ्या वाटल्यावर कोणी लिहील, नळ वाढवावेत. कोणी लिहील, एका आडव्या पाइपला कमी उंचीवर तोट्या बसवाव्यात. कोणी लिहील, प्रत्येक वर्गात माठ ठेवावा. कोणी सुचवील, डबे धुण्याची जागा वेगळी करावी. कोणी लिहील, सुटी दोन पाळ्यांत द्यावी. कोणी सांगेल, केरळमधील काही शाळांनी २०१९ साली सुरू केल्याप्रमाणे पाणी पिण्यासाठी दिवसातून तीन वेळा वेगळी घंटा द्यावी. ही चिठ्ठी कदाचित सातवीतील विद्यार्थिनीची असेल, कारण अशा सभेस मुलांनाही बोलवावयास हवे.

निकष लावले असता असे दिसेल की, दोन पाळ्यांच्या सुटीस एक रुपयाही खर्च येत नाही आणि प्रत्येकाच्या वाट्यास २० ऐवजी ४० सेकंद येतात. डबे धुण्याची जागा वेगळी केली तर रांग आणखी मोकळी होते. हे एक आठवडा करून पाहावे. सुटी संपताना किती मुले पाण्याविना परतली, याची मोजणी वरच्या वर्गातील मुलांनीच ठेवावी. आठवड्याअखेर तक्रार मिटली तर नळांचा निधी दुसऱ्या कामास उपलब्ध होतो. मिटली नाही तर नळ बसवावेत. ते कोठे आणि किती उंचीवर बसवावयाचे हे आता नीट ठाऊक असते. प्रयोग फसला तरी माहिती हाती राहते.

जबाबदारी

कल्पकता ही ईश्वरी देणगी आहे आणि ती मोजक्याच लोकांस लाभते, असे म्हणून पुष्कळदा आपण मोकळे होतो. प्रतिभेचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु सार्वजनिक कामाला रोज प्रतिभा लागत नाही. त्याला लागतो तो प्रश्न नीट विचारण्याचा धीर, सर्वांचे म्हणणे कागदावर येऊ देण्याची उदारता, निवडताना निकषांना बांधून घेण्याचा प्रामाणिकपणा आणि मोठा खर्च करण्यापूर्वी लहान प्रयोग करण्याची सावधगिरी. हे चारही गुण सवयीने अंगी बाणविता येतात.

येत्या महिन्यातील एकाच सभेत, एकाच विषयापुरती ही पद्धत वापरून पाहावी, एवढीच अपेक्षा आहे. विषयपत्रिकेवरील एक विषय ‘बांधण्याबाबत’ ऐवजी ‘अडचण दूर करण्याबाबत’ असा लिहावा. दहा मिनिटे शांतपणे चिठ्ठ्या लिहाव्यात. निकष फळ्यावर आधी लिहून ठेवावेत. आणि निवडलेला उपाय प्रथम एका वाडीत, एका वर्गात किंवा एका खिडकीवर करून पाहावा. जनतेने विश्वासाने सोपविलेल्या निधीचा प्रत्येक रुपया मग अधिक विचारपूर्वक खर्च होईल, आणि ज्यांच्यासाठी तो खर्च होतो त्यांचे म्हणणेही त्यात उतरलेले असेल.